प्रार्थनामंदिरांत पाकशाळा

ख्रिस्ती प्रार्थनामंदिराच्या छपराखालीं चूल पेटवावी कीं न पेटवावी, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. ज्या धर्माचा एक प्रमुख विधि भाकर व द्राक्षारस यांचा आहे, त्याच्या अनुयायांना एका पंगतीस बसण्याचें वावडें कां असावें? परंतु अमेरिकेच्या दक्षिण भागांत ‘चर्चेस ऑफ ख्राइस्ट’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या पंथांत १९४५ नंतरच्या दोन दशकांत हा प्रश्न तीव्र झाला. अनाथाश्रमांस मंडळीच्या खजिन्यांतून साहाय्य द्यावें कीं नाहीं, हा त्या वेळचा मुख्य वाद. भोजनगृहाचा वाद त्याच्याच पोटांत वाढला. या पंथांत प्रत्येक मंडळी, म्हणजे एका मंदिराचा उपासकसमूह, स्वतंत्र असते. वर निवाडा करणारा बिशप नाहीं कीं महासभा नाहीं. त्यामुळें अनेक ठिकाणीं मतभेदाचा शेवट फाटाफुटींत झाला, आणि वर्षानुवर्षें एका बांकावर बसणाऱ्या माणसांनीं निरनिराळ्या मंदिरांची वाट धरली. ती फूट अद्यापि भरून आलेली नाहीं.

कडव्या पक्षाची विचारसरणी समजून घेण्यासारखी आहे. नव्या करारांत ज्या गोष्टीची आज्ञा, उदाहरण अथवा अपरिहार्य अनुमान सांपडत नाहीं, ती मंडळीनें करूं नये, हें त्यांचें मूळ सूत्र. याच न्यायानें ते उपासनेंत वाद्य वाजवीत नाहींत, केवळ कंठानें गातात. मंडळीचा पैसा उपासना, धर्मोपदेश व गरजू बांधवांचें साहाय्य यांसाठीं अर्पण झालेला. त्यांतून भोजनगृह किंवा व्यायामशाळा उभारणें म्हणजे अर्पणाचा दुरुपयोग, असें ते मानतात. त्यांचा मोठा आधार म्हणजे पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय. खाण्यापिण्याकरितां घरें नाहींत काय, असा सवाल पौलानें तेथें केलेला आहे.

तथापि हा सवाल कोणत्या प्रसंगीं केला, हें पाहिल्यावांचून त्याचा अर्थ लागत नाहीं. पत्र लिहिलें गेलें तें सुमारें इ. स. ५५ मध्यें. त्या काळीं चर्चची स्वतंत्र इमारत नव्हतीच. मंडळी एखाद्या सुखवस्तु सभासदाच्या घरीं जमे, व प्रभुभोजन हें खऱ्या जेवणाशीं जोडलेलें असे. करिंथांत झालें असें, कीं कांहीं जण दुसऱ्यांची वाट न पाहतां आपापलें अन्न खाऊन व पिऊन तृप्त होत, आणि इतर उपाशी राहत. मराठींत ज्याला पंक्तिप्रपंच म्हणतात, तोच हा प्रकार. पौलाचा रोष अन्नावर नसून, ज्यांच्यापाशीं कांहीं नाहीं त्यांस लाजविण्यावर आहे. भूक लागली असेल त्यानें घरीं खावें, असेंहि तो पुढें म्हणतो, हें मात्र उदार पक्षानें विसरूं नये.

या भोजनांना प्रीतिभोजन म्हणत. यहूदाच्या छोट्याशा पत्रांत त्यांचा उल्लेख आहे. पुढें त्यांत बिघाड झाला. संत ऑगस्टीनची आई मोनिका ३८५ च्या सुमारास मिलानला आली, तेव्हां आफ्रिकेंतील आपल्या रीतीप्रमाणें ती हुतात्म्यांच्या समाधिस्थानीं लापशी, भाकर व द्राक्षारस घेऊन गेली. द्वारपाळानें तिला अडविलें. बिशप अँब्रोज यांची तशी आज्ञा होती. अशा प्रसंगीं मद्यपानाला वाव मिळे आणि रोमन लोकांच्या पितृभोजनाशीं त्याचें साम्य दिसे, हीं कारणें. मोनिकेनें मुकाट्यानें टोपली परत नेली. लावदिकीया येथील धर्मसभेनेंहि चौथ्या शतकांत चर्चमध्यें प्रीतिभोजनें करण्यास मनाई केली. इंग्लंडांत मात्र गांवचे लोक बीअर गाळून चर्चच्या डागडुजीसाठीं उत्सवांत विकीत. १६०४ च्या धर्मनियमांनीं चर्चमधील असल्या मेजवान्या निषिद्ध ठरविल्या.

एकोणिसाव्या शतकांत वारें फिरलें. न्यूयॉर्क संस्थानांतील एल्मायरा गांवीं थॉमस बीचर यांनीं १८७० नंतरच्या दशकांत जें पार्क चर्च बांधविलें, त्यांत ग्रंथालय, स्वयंपाकघर व खेळण्याच्या जागा होत्या. मार्क ट्वेन यांचा विवाह १८७० सालीं लावणाऱ्या दोन धर्मोपदेशकांपैकीं हे एक. वाढत्या गांवांत तरुणांना संध्याकाळीं बसावयास दारूच्या गुत्त्यावांचून दुसरी जागा सहसा नसे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या बांधकामाचें मर्म कळतें.

पैशासंबंधीं कडव्या पक्षाचा आक्षेप पोकळ नाहीं. गरीब विधवेनें देवासाठीं टाकलेलें नाणें चेंडूच्या खेळावर खर्च व्हावें, हें कोणासहि रुचणार नाहीं. पण त्यांची रेषा आंखावयास कठीण आहे. त्याच खजिन्यांतून मंदिरांत पाण्याचा नळ येतो, शौचकूप बांधला जातो, उन्हाळ्यांत हवा गार करणारें यंत्र बसतें. हीं उपासनेचीं साधनें ठरतात. नळ चालतो, शेगडी चालत नाहीं! खेड्यांतील उपासक दुरून गाड्या जुंपून येत, तेव्हां मंदिराच्या आवारांत झाडाखालीं शिदोऱ्या सोडून पंगत मांडण्याची दक्षिणेंत जुनी चाल होती. भोजनगृह हें तिच्यावर घातलेलें छप्परच होय.

सभासदांच्या घरीं जेवावें, हा कडव्या पक्षाचा पर्याय चांगला आहे. घरच्या आतिथ्याची ऊब दिवाणखान्याएवढ्या भोजनगृहाला येत नाहीं. मात्र घरचें आमंत्रण बहुधा परत आमंत्रण देऊं शकणाऱ्यालाच जातें. एका खोलींत राहणारी वृद्धा, परगांवचा विद्यार्थी, नुकताच आलेला मजूर यांना कोण बोलावणार? त्यांच्यासाठीं सार्वजनिक पंगत हवी. आणि तिचा खर्च सर्वसाधारण अर्पणांतून न घेतां स्वतंत्र वर्गणींतून घेतल्यास वादाचें एक कारण तरी कमी होईल. प्रत्येक कुटुंबानें एकेक पदार्थ आणावा, ही अमेरिकन रीत सोयीची खरी. पण रिकाम्या हातानें येणाऱ्याचें पान आधीं मांडलें पाहिजे, नाहीं तर करिंथचीच पुनरावृत्ति.

व्यायामशाळेचा प्रश्न निराळा. एल्मायरांत जी अडचण होती, ती आज बहुतेक अमेरिकन शहरांत उरलेली नाहीं. शाळांचीं क्रीडांगणें आहेत, वाय. एम. सी. ए. आहे. तेथें मंडळीचा पैसा खर्च करण्याचें समर्थन करणें कठीण आहे.