प्रयोगशाळेसाठीं शीतोष्ण कपाट घेतांना

तवा तापला कीं नाहीं हें पाहावयाचें असतां गृहिणी चुलींतील ज्वाळेवर विसंबत नाहीं. ती तव्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडते. ज्वाळा किती मोठी हा प्रश्न वेगळा आणि तवा किती तापला हा प्रश्न वेगळा. प्रयोगशाळेसाठीं शीतोष्ण कपाट विकत घेणारांनीं नेमका हाच भेद ध्यानांत ठेवावयास हवा.

यंत्राचा एखादा भाग कडाक्याच्या थंडींत अथवा प्रखर उष्णतेंत टिकतो किंवा नाहीं, हें पाहण्याची बंद पेटी म्हणजे शीतोष्ण कपाट. अशा परीक्षेचें मोल काय, हें अमेरिकेंत दिसून आलें. २८ जानेवारी १९८६ रोजीं ‘चॅलेंजर’ अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालें व आंतील सातहि जण मृत्यु पावले. अग्निबाणाच्या सांध्यांतील रबरी कडें थंडीनें ताठरलें व तप्त वायूस वाट मिळाली. त्या वेळीं हवेचें उष्णतामान शून्यावर सुमारें २ अंश सेंटिग्रेड होतें. पण निकामी झालेला सांधा शून्याखालीं सुमारें २ अंशांवर असावा, असा चौकशीमंडळाचा अंदाज होता. पूर्वीच्या सर्वांत थंड उड्डाणांत सांध्याचें उष्णतामान सुमारें १२ अंश होतें. म्हणजे हवा एक सांगत होती, वस्तु दुसरेंच सोसत होती.

तेव्हां खरेदीचा आरंभ विक्रेत्याच्या सूचिपत्रापासून न करतां परीक्षा द्यावयाच्या वस्तूपासून करावा. एका कंप्रेसरच्या शीतयंत्रानें साधारणतः शून्याखालीं ४० अंशांपर्यंत जातां येतें. एका यंत्राची उष्णता दुसऱ्यानें ओढून घ्यावी अशी जोडयोजना केल्यास सुमारें ७० अंशांपर्यंत मजल जाते. त्याहिपलीकडे द्रव नायट्रोजन लागतो. तो शून्याखालीं १९६ अंशांवर उकळतो. प्रत्येक पायरीबरोबर किंमत, विजेचा खर्च व दुरुस्तीची यातायात वाढते. म्हणून गरजेहून खोल पायरी मागूं नये. नायट्रोजनच्या एका लिटर द्रवापासून सुमारें ७०० लिटर वायु होतो. कोंदट खोलींत तो साठला तर प्राणवायु घटून माणूस नकळत बेशुद्ध पडतो. यास्तव प्राणवायुमापक व वायुवीजन यांचा खर्च मूळ अंदाजपत्रकांतच धरावा.

सूचिपत्रांतील आंकडे बहुधा रिकाम्या कपाटाचे असतात. आंत जाड लोखंडी वस्तु ठेवली, कीं भोंवतालची हवा लवकर थंड होते, परंतु वस्तूचा गाभा थंड होण्यास कित्येक तास लागूं शकतात. वस्तु स्वतःच उष्णता सोडणारी असेल, तर शीतयंत्रावर अधिकच भार पडतो. म्हणून निविदेंत वस्तूचें वजन, तिची उष्णता आणि कपाटाच्या कोपऱ्याकोपऱ्यांत चालेल एवढा फरक हीं स्पष्ट लिहावीं. लिहिलें नाहीं, तर स्वस्तांतलें स्वस्त कपाट पत्करावें लागतें व तक्रारीस जागा उरत नाहीं.

कपाट आल्यावर तेवढ्याच वजनाची वस्तु आंत ठेवून, तिला प्लॅटिनमचे उष्णतामापक चिकटवून, प्रमाणित उपकरणानें मोजणी करावी. पाऱ्याचा उष्णतामापक येथें कामाचा नाहीं, कारण पारा शून्याखालीं सुमारें ३९ अंशांवरच गोठतो. शेवटचा हप्ता या परीक्षेनंतरच द्यावा.