यंत्र-मुनीम आणि शिलकी मालाची सूचना

माल केव्हा मागवावा, हा प्रश्न आपल्या व्यापाराइतकाच जुना आहे. पूर्वी अनुभवी मुनीम वखारीत एक फेरी मारीत, थप्पीकडे पाहत आणि "शेठजी, डाळ मागवावी लागेल" असे सांगत. आता साठ्याची नोंद संगणकात असते आणि ती वाचून इशारा देण्याचे काम 'एआय एजंट', म्हणजे कृत्रिम बुद्धीचा यंत्र-मुनीम, करू शकतो. त्याच्या हाती दिलेल्या साधनाचे वर्णन कसे लिहावे, हे आमच्याच एका चुकीच्या आधारे सभासद बंधु-भगिनींपुढे मांडीत आहोत.

हा एजंट वखार पाहत नाही. दिलेल्या साधनांपैकी योग्य वाटेल ते तो चालवितो आणि मिळालेल्या उत्तरावरून पुढचे पाऊल ठरवितो. साधनाच्या आत काय चालते हे त्यास सहसा दिसत नाही. अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' या खुल्या पद्धतीतही एजंटास साधनाची ओळख होते ती मुख्यतः त्याचे नाव, वर्णन आणि द्यावयाच्या माहितीचा आराखडा यांवरून. जे तेथे लिहिलेले नाही, ते तो अंदाजाने भरून काढतो.

आमच्या वर्णनात एवढेच होते : "माल कमी असल्यास कळविते." तूरडाळीची आमची रोजची विक्री ४० किलो, माल येण्यास ६ दिवस लागतात, अडीअडचणीसाठी २ दिवसांचा माल राखून ठेवतो. म्हणजे २४० आणि ८० मिळून ३२० किलो ही मागणीची मर्यादा झाली. साधनाने शिल्लक "१२" अशी दिली. ती ५० किलोंची १२ पोती, म्हणजे ६०० किलो होती. एजंटाने ते १२ किलो मानून माल तातडीने मागविण्याचा सल्ला दिला, आणि आमच्या तरुण कारकुनाने त्यावर विसंबून आणखी २० पोती मागविली. पावसाळा तोंडावर होता. श्रावणात पोती उघडली तेव्हा डाळीस कीड लागलेली होती. हा दोष कारकुनाचा नव्हे; एकक न लिहिणाऱ्या आमचा होता.

त्यानंतर आम्ही वर्णन नव्याने लिहिले. त्यात पाच गोष्टी घातल्या.

१. साधन कशासाठी वापरावे आणि कशासाठी नाही. शिल्लक मर्यादेखाली गेली काय, हे पाहण्यासाठी वापरावे. भाव अथवा उधारी विचारण्यासाठी नव्हे.

२. प्रत्येक आकड्याचे एकक. पोती असल्यास एका पोत्याचे वजनही.

३. मर्यादेचा नियम, आणि मागविलेला पण वाटेत असलेला माल त्यात धरला आहे की नाही. हे न सांगितल्यास एकाच मालाची मागणी दोनदा जाते.

४. शिलकेची नोंद केव्हाची आहे, ती तारीख व वेळ.

५. 'शून्य' आणि 'नोंद नाही' यांतील भेद. शून्य म्हणजे माल संपला. नोंद नाही म्हणजे कदाचित नाव चुकले. कारण तूर, तुअर आणि अरहर एकच, हे संगणकास आपोआप कळत नाही. यासाठी प्रत्येक मालास ठराविक क्रमांक द्यावा.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. इशारा देणारे साधन आणि ऑर्डर पाठविणारे साधन ही वेगळी ठेवावीत. उपरोक्त पद्धतीत 'हे साधन केवळ वाचते' अशी खूण करण्याची सोय आहे. परंतु ती खूण म्हणजे केवळ संकेत आहे, कुलूप नव्हे. खरे कुलूप संगणकातील अधिकारांतच घालावे लागते. आमच्या पेढीवर आता कोणतीही ऑर्डर मालकाच्या संमतीवाचून जात नाही.

वर्णन पुरेसे झाले की नाही, हे पाहण्याची एक सोपी रीत आम्ही पाळतो. आमचे दुकान कधीही न पाहिलेल्या एखाद्या माणसास ते वाचावयास देतो आणि साधनाचे एक उत्तर त्याच्यापुढे ठेवून "माल मागवावा काय?" असे विचारतो. त्यास आम्हांला उलट प्रश्न विचारावा लागला, तर त्या प्रश्नाचे उत्तर वर्णनात लिहून टाकतो. सभासदांनी आपापल्या पेढीवर ही कसोटी पावसाळ्यापूर्वीच लावून पाहावी, अशी आमची विनंती आहे.