अणुभट्टीचा आजमास व ताळेबंद

आजमास व ताळेबंद हे जुन्या दप्तरांतील दोन निरनिराळे कागद होत, हें संग्राहकांस सांगावयास नको. एक खर्चाचा अंदाज, दुसरा झालेला हिशेब. अणुभट्ट्या स्वस्त कशा होतील, या चर्चेंत मात्र पहिला कागद दुसऱ्याच्या जागीं सर्रास पुढें केला जातो, असें आम्हांस आढळलें.

या विषयांतील एक अस्सल साधन म्हणजे अमेरिकन आरमाराचे हायमन रिकोव्हर यांचें ता. ५ जून १९५३ चें टिपण. कागदावरील भट्टी नेहमीं साधी, लहान व स्वस्त असते. प्रत्यक्ष बांधली जाणारी अवजड, खर्चाची व मुदत उलटलेली असते, असा त्याचा मथितार्थ. पाणबुडीची भट्टी रिकोव्हर यांच्याच देखरेखीखालीं तयार होत असल्यामुळें ही साक्ष आम्ही भक्कम मानतों.

दुसरा कागद अधिक फसवा. न्यू जर्सींतील ऑयस्टर क्रीकची भट्टी ठराविक मक्त्यानें बांधून देण्याचें जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें १९६३ सालीं पत्करलें. तो आंकडा पाहून अणुवीज कोळशाच्या विजेच्या बरोबरीस आली असें अनेकांनीं ठरविलें. परंतु ती विक्रीची किंमत होती, बांधणीचा खर्च नव्हे. अशा मक्त्यांत कारखानदारांनीं मोठा तोटा सोसला व १९६६ च्या सुमारास ते देणें बंद केलें. १९६९ सालीं चालू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या याच कंपनीच्या व याच पिढीच्या होत.

मग स्वस्ताई कोठें साधली? फ्रान्सचे पंतप्रधान मेस्मेर यांनीं मार्च १९७४ मध्यें योजना जाहीर केल्यावर तेथें ९०० मेगावॅटच्या ३४ भट्ट्या जवळजवळ एकाच नमुन्यावर उभ्या राहिल्या. तीच पोथी दहाव्यांदा उतरणाऱ्या लेखकाचा हात जसा अडखळत नाहीं, तसेंच हें. पुढें १३०० मेगावॅटचा नमुना घेतला तेव्हां खर्च चढला, हेंही नमूद केलें पाहिजे. आणि सराव तुटल्यावर, नव्या नमुन्याची, फ्लामांव्हिल येथील भट्टी २००७ सालीं बांधावयास घेतली, तिचा आजमास ३.३ अब्ज युरो होता. डिसेंबर २०२४ मध्यें तिची वीज प्रथम बाहेर पडली तोंवर खर्च सुमारें १३ अब्जांवर गेला होता, व तोही व्याज धरल्यावांचून!

तारापूरच्या त्या पहिल्या बांधणीवरील लोकांच्या रोजनिश्या वा मोजमापाच्या वह्या कोणा वाचकाच्या घरीं असल्यास त्या रद्दींत न घालतां मंडळास कळवावें.