शेंगदाण्याची कीड : नफा गोणीतच संपतो

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत शेंगदाण्यावर पोट असलेले लोक थोडे नाहीत. किराणा दुकानदार, दाणे भाजणारे भट्टीवाले, चिक्की बनविणारे कारागीर आणि स्टेशनबाहेर टोपली घेऊन बसणारे खारेदाणेवाले. यांचा माल सौराष्ट्रातून किंवा आपल्याच राज्यातील सातारा, कोल्हापूर, धुळे, जळगाव भागातून येतो. पावसाळ्यात तो किडला की भांडवलच अडकते. म्हणून कीड कुठून येते हे जाणून खरेदी करणे फायद्याचे आहे.

सुरुवात शेतातच होते. हुमणी भुईमुगाच्या मुळ्या खाते. वाळवी जमिनीखालील शेंगेचे टरफल खरवडते आणि कधी भोकही पाडते. अशा शेंगेत बुरशी शिरते. काही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करतात. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा शोध घेता दोष खाद्यातील शेंगदाणा पेंडीचा निघाला. या विषाने यकृताला अपाय होतो आणि दाणे भाजूनही ते पूर्ण जात नाही. म्हणून काळपट, सुरकुतलेले, बुरशी आलेले दाणे भट्टीत घालून खपविणे हा गिऱ्हाइकाच्या जिवाशी खेळ आहे.

गोदामातील शत्रू वेगळे. शेंगेवरील भुंगेरा टरफलावर अंडी घालतो. अळी थेट आत शिरून दाणा खाते आणि गोल भोक पाडून बाहेर येते. फुटक्या दाण्यांवर तांबडे भुंगेरे येतात, तर पतंगाची अळी दाण्यांना जाळी करून गोळे बनविते. या दोघांना अखंड दाण्यापेक्षा तुकडे, भुसा आणि सालपटे अधिक मानवतात. टरफल हे दाण्याचे चिलखत आहे. जास्त दिवस माल ठेवायचा असेल तर सुक्या, अखंड शेंगा घ्याव्यात आणि लागेल तसे दाणे काढावेत.

खरेदी करताना वरच्या मुठीवर विश्वास ठेवू नये. गोणीच्या मधला आणि तळाचा नमुना काढावा. शेंग कानाशी हलविली असता सुकलेला दाणा वाजतो. दाणा दाताखाली कट्कन तुटला पाहिजे. ओलावा मोजण्याची सोय असल्यास दाण्यात सुमारे 7 टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. गोल भोके, शेंगांना चिकटलेले कोष किंवा जाळी दिसल्यास तो माल चांगल्या मालाजवळ ठेवू नये.

नवा माल आणण्यापूर्वी गाळा रिकामा करून झाडावा. फटीतील जुने दाणे काढावेत आणि फटी बुजवाव्यात. जुन्या गोण्या उन्हात तापवून, झटकूनच वापराव्यात. थप्पी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावी. आधी आलेला माल आधी विकावा. आता हवाबंद अस्तराच्या पिशव्याही मिळतात. तोंड घट्ट बांधले की आतील प्राणवायू संपून किडे मरतात. मात्र ओला माल त्यात भरल्यास बुरशी वाढते.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. उपनगरांत खाली गाळा आणि वर माळ्यावर झोपणारे कामगार किंवा कुटुंब, अशी परिस्थिती अनेक ठिकाणी आहे. तिथे ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या गोणीत टाकू नयेत. हवेतील दमटपणा लागताच त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. तो फटीतून शेजारच्या खोलीतही पोहोचतो आणि या विषावर उतारा नाही. कायद्यानेही हे काम मान्यताप्राप्त तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करायचे असते. चार गोणी वाचविण्यासाठी घरातील माणसे धोक्यात घालणारा सौदा कोणताही शहाणा व्यापारी करणार नाही. झाडू, चाळणी आणि ऊन यांना खर्च थोडा लागतो; निम्मे काम तेच करतात.