दंडाची पावती आणि टेलचे पाणी

रब्बीचे पहिले आवर्तन सुटले की चारीवर काय चालते ते मी तुम्हाला सांगायला नको. हेडचा शेतकरी पाळी नसताना दारे फोडतो, मधला रात्री पाइप टाकतो, आणि टेलवाला आपल्या पाळीच्या दिवशी खोरे घेऊन कोरड्या चारीत उभा राहतो. मग भांडण होते. भांडणानंतर पाणीवापर संस्थेची बैठक बसते आणि बैठकीत ठराव होतो तो बहुधा एकच : दंड वाढवा.

अशाच एका बैठकीला मी हजर होतो. दोनशेचा दंड पाचशे करावा असे घाटत होते. मागे बसलेले एक वयस्क शेतकरी म्हणाले, "साहेब, खुशाल पाचशे करा. उसाचं एक भरणं पाचशेत होत असेल तर मी दर पाळीला पावती फाडायला तयार आहे." सगळे हसले. पण म्हातारबाबांनी नेमक्या दुखण्यावर बोट ठेवले होते.

हीच गोष्ट इस्राएलमधल्या हैफा शहरातील पाळणाघरांत दिसून आली आहे. आईबाप मुलांना न्यायला उशिरा येत आणि बाईंना ताटकळत बसावे लागे. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या दोन अर्थतज्ज्ञांनी काही पाळणाघरांत दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर दहा शेकेल (तिकडचे नाणे) दंड लावून पाहिला. उशीर कमी व्हायचा तो वाढत वाढत जवळजवळ दुप्पट झाला! आधी बाईंसमोर ओशाळे होऊन धावत येणारे लोक आता पैसे भरून निवांत येऊ लागले. पुढे दंड काढून टाकला तरी उशीर काही कमी झाला नाही. एकदा लाज मोडली की ती परत येत नाही. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला.

मग दंड नकोच का? तसेही नाही. स्वित्झर्लंडमधल्या झुरिक येथे अर्न्स्ट फेर आणि सायमन गेश्टर यांनी विद्यार्थ्यांना एक खेळ खेळायला लावला. चौघांचा गट, प्रत्येकाच्या हाती २० नाणी. त्यातली हवी तेवढी सामाईक पेटीत टाकायची. पेटीत पडलेल्या दर नाण्यामागे चौघांनाही प्रत्येकी ०.४ नाणे मिळणार, न टाकणाऱ्यालासुद्धा. सगळ्यांनी सगळे टाकले तर प्रत्येकाचे २० चे ३२ होतात. पण तिघांनी टाकले आणि एकाने हात आखडला, तर त्या तिघांना २४ आणि हात आखडणाऱ्याला ४४! आपल्या चारीचाच हिशेब की हा. चारी साफ करायला तिघांनी यायचे आणि चौथ्याने घरी बसून पाणी घ्यायचे.

खेळ पुढे गेला तशी पेटी आटत गेली. मग नियम बदलला. आपले एक नाणे खर्च केले तर चुकाराची तीन कापता येतील, असे ठरले. गट दर फेरीला बदलत होता, त्यामुळे शिक्षा करणाऱ्याला पुढे काही लाभ नव्हता. तरीही लोकांनी पदरचे नाणे मोडून चुकाराला धडा शिकवला आणि पेटी पुन्हा भरू लागली. २००२ साली हे निष्कर्ष छापून आले. अन्याय सहन न होणे हा माणसाचा स्वभावच दिसतो.

आता यातली मेख पाहा. गेश्टर यांनी आणखी दोघांबरोबर हाच खेळ जगातल्या १६ शहरांत नेला, त्याचा अहवाल २००८ चा. काही ठिकाणी चुकारांनी उलट प्रामाणिकांनाच दंड ठोकला. म्हणजे 'आला मोठा शहाणा' म्हणून. जिथे दंड करणारा कोण, कशासाठी करतो, यावर लोकांचा विश्वास नाही, तिथे तोच दंड भाऊबंदकीचे हत्यार होतो. गावगाड्यात हे आपण पाहतोच.

जगभरातले पाटपाणी, गायराने आणि जंगले यांचा अभ्यास करून एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० साली ग्रंथ लिहिला. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांना आढळले की जिथे सामाईक व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या टिकली तिथे पहिल्या चुकीला शिक्षा हलकी असते, पुन्हा चुकला तर चढत जाते, आणि राखण करणारा माणूस लोकांचाच असून लोकांना जबाबदार असतो.

यासाठी फार लांब जायला नको. धुळे जिल्ह्यातील पांझरा आणि नाशिक जिल्ह्यातील मोसम नदीवरची फड पद्धत हेच सांगते. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात एकच पीक, आणि बहुतेकांचा तुकडा प्रत्येक फडात. पाणी कमी पडले की एखादा फड सगळ्यांचाच कोरडा राही. त्यामुळे टंचाईही वाटून घेतली जाई. पाटकरी शेतकऱ्यांनीच नेमलेला, त्याचा मोबदलाही शेतकऱ्यांच्याच पिकातून. अशा ठिकाणी दंड कुणाला लावायचा हा प्रश्न फार वेळा पडत नसावा, असे मला वाटते.

२००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना वैधानिक दर्जा दिला. पण फळ्यावर कुणाचे नाव लिहायचे, हे कायदा ठरवत नाही. त्या बैठकीत शेवटी दंड वाढला नाही. ठरले ते असे : पहिल्या चुकीला फक्त नाव फळ्यावर, दुसऱ्याला दोनशे, तिसऱ्याला पुढची पाळी बंद. पाळीपत्रक आणि कोणाला किती तास मिळाले ते चावडीवर लावायचे, टेलच्या दोघांनी दाऱ्यावर उभे राहून वेळ टिपायची.

पहिले नाव लागले ते एका संचालकाचेच. ते चार दिवस कुणाशी बोलले नाहीत, पण फळा कुणी पुसला नाही. टेलच्या शेवटच्या दोन गटांना मात्र पाणी अजून कमीच मिळते, कारण मधे चारीचे अस्तर फुटले आहे. त्या दुरुस्तीसाठी पुढच्या आवर्तनाआधी श्रमदानाचा दिवस ठरला आहे.