दिवस उलटल्यावर बाळाची देखरेख

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस मोजून प्रसूतीची तारीख काढली जात असली, तरी नेमक्या त्या तारखेला जन्मणारी बाळे थोडीच असतात, आणि वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने दिवस उलटतात ते 294 दिवस, म्हणजे 42 आठवडे, भरल्यावर. पाळी अनियमित असल्यास ही मोजणी फसते. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीत बाळाची लांबी मोजून ठरवलेली तारीख अधिक भरवशाची मानतात.

आईच्या रक्तातील प्राणवायू आणि पोषण बाळापर्यंत पोहोचवणारी वार दिवस उलटू लागल्यावर काही वेळा कमी पडते. अशा वेळी बाळाचे शरीर उपलब्ध रक्त मेंदू आणि हृदयाकडे वळवते, मूत्रपिंडांचा वाटा घटतो, लघवी कमी होते. आणि या काळात गर्भजल, म्हणजे बाळाभोवतीचे पाणी, मुख्यतः त्याच्या लघवीचेच बनत असल्याने तेही आटू लागते. पाण्याच्या मोजमापाला महत्त्व आहे ते यामुळेच. पोटाच्या चारही भागांतील पाण्याच्या खोलीची बेरीज 5 सेंटीमीटरपेक्षा कमी भरल्यास पाणी कमी असल्याचे निदान होते, परंतु या पद्धतीने कृत्रिम कळा आणण्याचे प्रमाण वाढते आणि बाळांच्या प्रकृतीत फरक पडत नाही, असे तुलनात्मक अभ्यासांत आढळल्याने सर्वांत खोल एकच जागा पाहून 2 सेंटीमीटरची मर्यादा लावणे अधिक शहाणपणाचे वाटते.

पाण्यावरून वारेच्या गेल्या काही दिवसांतील कामाचा अंदाज येतो, तर बाळाची त्या घडीची स्थिती एनएसटी या तपासणीतून कळते. आईच्या पोटाला पट्टे बांधून बाळाचे ठोके कागदावर उमटवले जातात. मिनिटाला 110 ते 160 ही त्यांची नेहमीची गती असून, 20 मिनिटांत किमान दोनदा ती 15 ठोक्यांनी वाढून 15 सेकंद टिकली, तर बाळ सुस्थितीत असल्याचे समजतात. आलेख सपाट आला म्हणजे बाळ संकटातच आहे असे नव्हे, कारण पोटातले बाळ झोपतेही. अशा वेळी तपासणी लांबवतात किंवा सोनोग्राफीत त्याच्या हालचाली, स्नायूंचा ताण आणि श्वासासारख्या हालचाली पाहतात.

या तपासण्या धोका ओळखतात, टाळत मात्र नाहीत. स्वीडनमध्ये 41 आठवड्यांनाच कळा आणणे आणि 42 आठवड्यांपर्यंत थांबणे यांची तुलना करणारी चाचणी थांबलेल्या गटात सहा बाळे दगावल्याने, तर दुसऱ्या गटात एकही न दगावल्याने मुदतीपूर्वीच बंद करावी लागली. तिचे निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही थांबण्याचा निर्णय झालाच, तर साधारणतः आठवड्यातून दोनदा तपासणी होते, आणि मधल्या दिवसांत बाळाची हालचाल मंदावल्यास, शेवटी जागा कमी पडल्याने ते हलत नाही या घरगुती समजुतीवर न विसंबता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.