वाटाड्या गावठाणातला हवा

नवी मुंबई बघायला वाटाड्या ठरवायचा म्हटलं की पहिल्यांदा नवी मुंबईकरच हसतो. रस्ते रुंद, चौकाचौकांत पाट्या, प्रत्येक इमारतीला सेक्टर आणि प्लॉटचा नंबर. (सेक्टर 8 च्या शेजारी 9 असेलच, असं मात्र धरून चालू नये.) मोबाइलवर पत्ता टाकला की रिक्षा दारात नेऊन सोडते. पुण्याच्या पेठांत किंवा पैठणच्या गल्ल्यांत माहीतगार लागतो हे कुणालाही पटतं. आखून बांधलेल्या शहरात तो कशाला? माझं म्हणणं उलटं आहे. जुन्या शहरात जुनं काय आहे ते निदान दिसतं तरी. इथे ते समोर असून दिसत नाही, कारण त्यावर पाटीच नाही.

1965 मध्ये चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' या नियतकालिकातून खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली. 17 मार्च 1970 रोजी हे शहर वसवण्यासाठी सिडको ही सरकारी संस्था स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांचा सुमारे 344 चौरस किलोमीटर प्रदेश तिच्याकडे आला. शेतं, मिठागरं, खाजणं संपादित झाली. गावठाणं बहुतेक जागच्या जागी राहिली. शहर गावांच्या सभोवती उभं राहिलं. वाशी, नेरूळ, शिरवणे, सारसोळे, करावे, दिवाळे, घणसोली ही गावं सेक्टरांच्या मधोमध अजून नांदती आहेत. शेजारच्याच सेक्टरमध्ये पंचवीस-तीस वर्षं राहून या गावांत पाऊल न टाकलेले लोक मला माहीत आहेत. त्यांना गावाची ओळख एकच, गौरी-गणपतीत आणि जत्रेत रात्री उशिरापर्यंत वाजणारा बँजो.

म्हणून वाटाड्या गावठाणातला हवा, आगरी किंवा कोळी, आणि जमल्यास साठीला टेकलेला किंवा ती ओलांडलेला. 1973 मध्ये खाडीवरचा पहिला वाशी पूल झाला, त्याच्या आसपासचा काळ ज्याने लहानपणी पाहिला आहे, असा. त्याला इंग्रजी येत नसलं तरी बिघडत नाही. तो तुम्हाला पहिल्यांदा विचारील ते हॉटेल कुठलं हे नव्हे; विचारील, कोणत्या तिथीला येताय?

या प्रश्नामागे पक्का हिशेब आहे. तिथीचा आकडा तीनने गुणायचा आणि चारने भागायचा, की भरतीची वेळ ढोबळमानाने हाती येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. त्यानंतर साधारण सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी. खाडीत आत पाणी चढायला आणखी थोडा वेळ लागतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे चढ-उतार कमी. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी पाणी पार बांधाला टेकलेलं असतं आणि संध्याकाळी सहाला त्याच जागी नुसता चिखल. तुमचं फिरण्याचं वेळापत्रक घड्याळाने ठरवलंत, तर अर्धी नवी मुंबई पाण्याखाली असताना तुम्ही तिथे जाऊन उभे राहाल.

फ्लेमिंगोंचंच बघा. नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत ठाणे खाडीत हजारोंनी येणाऱ्या या पक्ष्यांना चिखल उघडा पडलेला लागतो. त्यातलं शेवाळ आणि बारीक जीव हेच त्यांचं खाणं, त्यातूनच त्यांचा गुलाबी रंग. होडीला मात्र पाणी लागतं. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणाऱ्या फेऱ्या म्हणूनच रोज वेगळ्या वेळी निघतात. भरती आणि सुकती यांच्या मधली ती फट साधायची असते. भरतीने चिखल झाकला की पक्षी उडून नेरूळ-करावेच्या बाजूच्या पाणथळींवर, टी. एस. चाणक्य संस्थेच्या मागे किंवा डीपीएस शाळेजवळच्या तळ्यावर येऊन उभे राहतात. तिथे ते पायी जाऊन दिसतात, होडीचा खर्च नाही. उधाणाच्या दुपारी जाणकार माणूस तुम्हाला ऐरोलीला नेणारच नाही. ठाणे खाडीला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि 2022 मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, हे माहितीफलक सांगतात. पक्षी कुठल्या वाजता कुठे असतील ते कोळ्याला विचारावं.

याच पाण्याशी जोडलेली एक गोष्ट मला सगळ्यांत आवडते. वाशी-बेलापूर भागातली बरीच जमीन मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. त्यामुळे सिडकोने डच पद्धतीने बांध घातले आणि मोठमोठी तळी खणली. पावसाचं पाणी भरतीच्या वेळी या होल्डिंग पाँडमध्ये थांबतं, सुकती लागली की झडपांतून खाडीत सुटतं. संध्याकाळी लोक ज्याच्या काठी फेऱ्या मारतात, ते अनेकदा नुसतं तळं नसून शहराच्या पावसाच्या पाण्याची व्यवस्था असते. आता काही तळ्यांत गाळ साचला, त्यावर तिवरं उगवली आणि तिवरांना कायद्याचं संरक्षण असल्यामुळे गाळ काढणं अडकलं. आगरी वाटाड्याला ही योजना समजावून सांगावी लागत नाही. खाऱ्या पाण्याला बांध घालून आत भात पिकवायचा, बांधाला उघाडी ठेवायची, भरतीला ती मिटायची आणि सुकतीला आतलं पाणी सोडायचं, हे त्याच्या आजोबा-पणजोबांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेलं काम. हॉलंडहून आलेली अक्कल म्हणून जी सांगितली जाते, ती इथल्या खारभूमीत आधीपासून होती. हे एवढं ऐकण्यासाठी एक सकाळ खर्ची घालायला हरकत नाही.

बेलापूरचा किल्ला चटकन आटोपतो, कारण फार काही उरलेलं नाही. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे आणि 1817 पासून इंग्रज असे हात त्याने बदलले. आज झाडोऱ्यात एक बुरूज आणि काही भिंती. तिथून आर्टिस्ट व्हिलेजला मात्र वेळ काढून जावं. ऐंशीच्या दशकात कोरियांनी बांधलेली ही वसाहत. एका चौकाभोवती साधारण सात घरं, असे तीन चौक मिळून मोठा चौक. प्रत्येक घर सुटं, भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही, म्हणजे ज्याला जसं परवडेल तसं त्याने वाढवावं. लोकांनी ते इतकं मनावर घेतलं, की मूळची उतरत्या छपरांची घरं आता शोधावी लागतात. वास्तुकलेचे विद्यार्थी हे पाहून हळहळतात. मला तर वाटतं, योजना यशस्वी झाली ती इथेच.

पहाटेचा उत्साह असेल तर वाशीचा एपीएमसी बाजार. मार्च ते मे या काळात फळबाजारात कोकणच्या हापूसच्या पेट्या उतरतात तेव्हा चालायला जागा नसते, आणि मध्ये उभं राहिलात तर माथाडी ओरडणार. त्याचा राग मानू नये. 1969 च्या माथाडी कायद्यामागे आणि कोपरखैरण्यातल्या माथाडी वस्त्यांमागे अण्णासाहेब पाटलांची चळवळ आहे. मासळीसाठी दिवाळे गाव. तिथे वाटाड्यापेक्षा कोळीण बरी. बोंबील, चिंबोऱ्या, कालवं, निवट्या यांतलं ताजं कुठलं ते ती सांगेल, आणि घासाघीस केलीत तर तुमच्याविषयीही चार शब्द सांगेल.

उलवे, जासई, उरणकडची बाजू याहून वेगळी. तिथे फिरताना वाटाड्याचा आवाज बदलतो. 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या शेतकरी आंदोलनावर जासई परिसरात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. हे माहीत नसेल तर 2021 मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाला दिबांचं नाव द्यावं म्हणून लोकांनी मानवी साखळी का केली, हे कळणार नाही. त्या विमानतळाचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झालं. त्यासाठी उलव्याची टेकडी फोडली, नदीचा प्रवाह वळवला आणि चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे अशी दहा गावं उठली. पुष्पकनगरच्या बाजूला गेलेल्या कुटुंबातला कुणी सोबत आला, तर धावपट्टीकडे हात करून आपली विहीर कुठे होती ते सांगतो. गावठाणांत तीन-चार मजली, एकमेकांना खेटलेल्या इमारती दिसतील. सरकारी भाषेत त्या अनधिकृत, गावाच्या भाषेत गरजेपोटी बांधलेली घरं. कुटुंबं वाढली, गावठाणाची हद्द वाढली नाही. दोन्ही बाजू ऐकून घ्याव्यात, वाद घालू नये.

आता व्यवहाराचं. नवी मुंबईत परवानाधारक गाइडांचा सुळसुळाट नाही. कोळीवाड्यातल्या मच्छीमार सोसायटीत, पक्षीनिरीक्षकांच्या गटांत किंवा गावातल्या शिक्षकाकडे चौकशी केली की माणूस मिळतो. अर्धा दिवस ठरवावा, एका दमात वाशी ते उरण करू नये. जूनपासून पावसाळाभर होडीचा हट्ट धरू नये. होडीचे आणि रिक्षाचे पैसे वेगळे. वाटाड्याचा मोबदला मात्र निघण्याआधी आकड्यात बोलून घ्यावा, कारण गावातला माणूस स्वतःहून पैशाचं काढत नाही, आणि 'तुमच्या मनाला येईल ते द्या' हे उत्तर त्याने दिलं तर ते मान्य करू नये.